अस्तित्ववादी-मानवतावादी मानसशास्त्रात प्राध्यापक म्हणून उभं राहायचं असेल तर

कागल तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय. तिने नुकतंच शिवाजी विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं. कार्ल रॉजर्स आणि अर्विन यालोम हे अमेरिकी मानसोपचारक वाचल्यापासून तिला याच वाटेने, म्हणजे माणसाचा अनुभव, त्याची निवड आणि जगण्याचा अर्थ मध्यभागी ठेवून, शिकवायचंय, संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, सीबीटीचा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा) कोर्स कर, मागणी त्यालाच आहे. तिचा प्रश्न: "मॅडम, अस्तित्ववादी-मानवतावादी मानसशास्त्रात करिअर होतं का? आणि कोल्हापुरात राहून होतं का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असंच आहे. मात्र त्या नावाची जागा कधी निघत नाही, हे आधीच समजून घे. जाहिरात येते ती 'सहायक प्राध्यापक, मानसशास्त्र' अशी. मुलाखतीत तुला कोणता विचारप्रवाह आवडतो हे सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झाल्यात का, पीएच.डी. आहे का, पेपर किती छापले. वर्गावर गेलीस की वाट्याला सामान्य मानसशास्त्र, प्रयोगाचं प्रात्यक्षिक आणि संख्याशास्त्र येणार. म्हणून पहिला सल्ला थोडा रुक्ष वाटेल: टी-टेस्ट आणि सहसंबंध इतके पक्के कर की झोपेतून उठवलं तरी फळ्यावर सोडवता आले पाहिजेत. "आकडे जमत नाहीत म्हणून ही मानवतावादाकडे वळली" असं म्हणायला कुणाला जागा ठेवू नकोस. या प्रवाहाचं जितकं नुकसान विरोधकांनी केलं नाही, तितकं अभ्यासाचा कंटाळा असलेल्या त्याच्याच चाहत्यांनी केलंय.

सेटची परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, नेट देशपातळीवर होते. यातली एक उत्तीर्ण झाल्याशिवाय पीएच.डी.च्या मागे धावू नकोस. कायम जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, म्हणजे घर चालतं. पण ती मिळेपर्यंतची सीएचबीची, म्हणजे तासिका तत्त्वावरची, वर्षं कठीण असतात. तासाला पैसे, सुट्टीत काही नाही, बिल कधी निघेल याचा भरवसा नाही. फार चांगली शिकवणारी माणसं या वर्षांत हे क्षेत्र सोडून गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. घरच्यांना हे खरंखरं सांग. बी.एड. सुचवण्यामागची त्यांची काळजी खोटी नाही.

दवाखान्यात बसून 'चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ' म्हणून काम करायचं असेल तर वाट वेगळी. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. त्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे नियम परिषदेच्या संकेतस्थळावरच वाच, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस. तुझा प्रश्न मात्र प्राध्यापकीचा आहे, तेव्हा तिकडेच वळते.

या प्रवाहातली माणसं कशी घडली ते पाहिलंस तर धीर येईल. अस्तित्ववादी मानसशास्त्रज्ञ रोलो मे घे. १९०९ चा जन्म, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. पदवीनंतर तो ग्रीसमध्ये शिक्षक म्हणून गेला. तिथून व्हिएन्नाकडे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या उन्हाळी वर्गांना बसला. परत येऊन धर्मशास्त्र शिकला, तिथे त्याला पॉल टिलिख हा तत्त्वज्ञ गुरू म्हणून मिळाला. काही काळ चर्चमध्ये धर्मोपदेशक होता. मग मानसशास्त्रात डॉक्टरेट करायला घेतली आणि मध्येच क्षयाने गाठलं. तेव्हा क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं. सॅरनॅक लेकच्या आरोग्यधामात तो जगेल की नाही याची वाट पाहत पडून राहिला. चिंता या विषयावर त्याने तिथेच वाचलं. एकीकडे फ्रॉइड, दुसरीकडे डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दचं चिंतेवरचं १८४४ सालचं पुस्तक. १९४९ ला कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. पुढच्याच वर्षी तो प्रबंध 'द मीनिंग ऑफ अँग्झायटी' या नावाने पुस्तक झाला.

त्या प्रबंधातली एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. मे ने न्यूयॉर्कमध्ये आश्रयाला आलेल्या मोजक्या अविवाहित मातांचा अभ्यास केला. त्याचं गृहीतक सरळ होतं: जिला आईने नाकारलं, तिच्यात चिंता जास्त असणार. काही जणींच्या बाबतीत ते जुळलं. पण काही अशा होत्या की आईने उघड झिडकारलेलं, तरी त्यांच्यात ती जाळणारी चिंता नव्हती. सोपं होतं, 'अपवाद' म्हणून बाजूला ठेवायचं. त्याने ठेवलं नाही. पुन्हा पुन्हा वाचल्यावर त्याला दिसलं की या मुलींना आई आपली नाही हे स्वच्छ ठाऊक होतं, त्यांनी मैत्रिणी शोधल्या, कामं शोधली, आयुष्य पुढे नेलं. चिंता खात होती ती जिच्या आईने नाकारणं प्रेमाच्या बोलांखाली झाकलं होतं, तिला. वास्तव आणि अपेक्षा यांच्यातली फट जिला कधी उघड पाहता आली नाही, तिला. शे-दोनशे जणींना प्रश्नावली वाटली असती तर सरासरीत हा फरक विरघळून गेला असता. लहान नमुन्याचा अभ्यास काय देऊ शकतो, हे कुणी विचारलं तर हे उदाहरण दे.

रॉजर्सकडून वेगळी गोष्ट शिकायची. लोक त्याला फक्त प्रेमळ आजोबा समजतात. अरे, हा माणूस संशोधक होता! बंद खोलीत रुग्ण आणि उपचारक काय बोलतात हे तोवर उपचारकाच्या आठवणीवरच अवलंबून असायचं. रॉजर्सने ओहायो स्टेट विद्यापीठात संभाषणं ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ च्या पुस्तकात एका माणसाची संपूर्ण उपचारमालिका शब्दन्‌शब्द छापली. स्वतःचे तोकडे प्रतिसादसुद्धा. १९५७ ला त्याने लिहिलं की उपचारकाचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती या गोष्टी बदलासाठी आवश्यक आणि पुरेशा आहेत. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे बहुतेकांनी मान्य केलं, 'पुरेशा' वर आजही वाद आहे. तो वाद होऊ शकतो याचं कारण त्याने दावा तपासता येईल अशा भाषेत मांडला. तूही तसंच लिहायला शीक.

मॅस्लोबद्दल जपून. माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांचा तो त्रिकोण प्रत्येक गाइडमध्ये असतो, बी.एड.ला असतो, व्यवस्थापनाच्या वर्गात असतो. मॅस्लोने स्वतः १९४३ च्या लेखात तो काढलेला नाही, नंतर व्यवस्थापनवाल्यांनी काढला. आणि पोट भरल्याशिवाय माणूस वरच्या पायरीकडे पाहत नाही हे आपल्याकडे पटणारंही नाही. दुष्काळातही वारी चुकवत नाहीत अशी माणसं तुझ्या घरात असतील.

तू दोन्ही शब्द जोडून विचारलेस, म्हणून त्यांच्यातली खडाखडी सांगते. मानवतावादी बाजूची संस्थात्मक उभारणी अमेरिकेत झाली: १९६१ ला 'जर्नल ऑफ ह्युमॅनिस्टिक सायकॉलॉजी', मग संघटना, जेम्स ब्युजेंटल तिचा पहिला अध्यक्ष, १९६४ ला ओल्ड सेब्रुकची परिषद. अस्तित्ववादी बाजू युरोपातल्या मनोविकारतज्ज्ञांकडून आली: यास्पर्स, बिन्सवांगर, बॉस, नाझी छळछावणीतून वाचलेला आणि जगण्याच्या अर्थावर लिहिणारा फ्रँकल. १९५८ ला मे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'एक्झिस्टन्स' हा ग्रंथ संपादित करून ती अमेरिकेत आणली. एकत्र नांदले तरी मतभेद मिटले नाहीत. १९८२ मध्ये मे ने रॉजर्सला जाहीर पत्र लिहिलं. रॉजर्स म्हणायचा, माणूस मुळात वाढीकडे झुकलेला, बिघडवते ती परिस्थिती. मे चं म्हणणं, दुष्टपणाची शक्यता आपल्या आतच आहे, ती संस्कृतीवर ढकलली तर माणसाला अर्धंच पाहिल्यासारखं होईल. मी स्वतः मे च्या बाजूची. पण ज्या विद्यार्थ्याला आयुष्यात कुणीच नीट ऐकलेलं नाही, त्याच्यासमोर बसताना मी रॉजर्सचीच विद्यार्थिनी असते.

आता कोल्हापूर. इथे राहून होतं का, हा तुझा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, आणि माझं म्हणणं असं की इथे जास्त चांगलं होतं.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नंतरच्या महिन्यांत मी काही पूरग्रस्तांशी बोलले. त्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून. पहिला अर्धा तास सगळं सरकारी पंचनाम्यासारखं चाललं. किती गुंठे, किती भिंत, किती जनावरं. कसं वाटतंय विचारलं तर "बरंय की." मग मी म्हटलं, दावं सोडलंत तो क्षण सांगा, फक्त तेवढाच. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दावं सोडलं तवा म्हस माझ्याकडं बघत हुती. मी हाक मारली न्हाई. मारली असती तर माझ्यामागनं आली असती, आन् नावंत जागा न्हवती."

इथे काय म्हणशील? बहुतेक लोक म्हणतात, "काका, तुमची काय चूक? पाणीच तसं होतं." हे त्यांनी आधी दहा जणांकडून ऐकलेलं होतं आणि दर वेळी ते अधिक गप्प झाले होते. मी फक्त म्हटलं, "हाक मारली नाहीत." ते म्हणाले, "न्हाई मारली." आणि मग बोलत राहिले. त्या म्हशीच्या आईपासून, तिची पारडी कुणाला दिली, धार काढताना ती कशी उभी राहायची, सगळं.

तत्त्वज्ञ मार्टिन बुबरने १९५७ च्या एका व्याख्यानात खरा अपराध आणि नुसती अपराधी भावना यांत फरक केला होता. सगळीच अपराधी भावना म्हणजे चुकीचा विचार नव्हे, कधी ती खरोखर तुटलेल्या नात्याकडे बोट दाखवते. या माणसाने निवड केली होती. दोन्हीकडे नुकसान असलेली, पण निवडच. 'तुमच्या हातात काहीच नव्हतं' म्हणून आपण त्यांच्याकडून ती काढून घेत होतो, आणि तिच्याबरोबर त्या जनावराशी असलेलं नातंही. अस्तित्ववादी मानसशास्त्र म्हणजे जड शब्द असा समज आहे. माझ्या लेखी ते इथे आहे, सांत्वनाची घाई न करता त्या 'न्हाई मारली' पाशी थांबण्यात.

हे संशोधन म्हणून कसं उभं करायचं? अमेदेओ जॉर्जीने ड्युकेन विद्यापीठात वर्णनात्मक पद्धत बांधली. ती शीक. आधी सबंध मुलाखत वाचायची, काही न ठरवता. मग जिथे अर्थ वळतो तिथे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यातलं मानसशास्त्रीय सार सांगणाऱ्याच्या शब्दांना धरून लिहायचं आणि शेवटी त्या अनुभवाची रचना मांडायची. पुढे जोनाथन स्मिथची अर्थनिर्णयनाची (सांगणारा आपल्या अनुभवाला काय अर्थ देतो हे उलगडण्याची) पद्धत आहे, ती आता जास्त रूढ आहे, मार्गदर्शकाला पटवायलाही सोपी. मुलाखतीचं लेखन बोलीतच कर. 'हुती' चं 'होती' केलंस की विदा (मूळ माहिती) बदलली. लांब शांतता, खाकरणं, चहा आल्यावर विषय बदलणं, सगळं नोंदव. तासाभराच्या मुलाखतीचं लेखन करायला दिवस जातो, ते पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेऊ नकोस. लिहितानाच कान तयार होतो.

मार्गदर्शक मिळवताना अडचण येईल. आपल्याकडच्या प्रबंधांची सवय अशी: आग्र्याहून चाचण्या मागवायच्या, ग्रामीण-शहरी, मुलगे-मुली असे गट करायचे, त्यांच्यातल्या फरकाची संख्याशास्त्रीय सार्थकता काढायची. "नमुना किती?" हा पहिला प्रश्न असतो. चिडू नकोस. आराखड्यात दोन भाग ठेव, एक प्रश्नावलीचा, एक मुलाखतींचा. समितीला पहिला ओळखीचा वाटतो, तुझं काम दुसऱ्यात होतं. ही तडजोड मला कमीपणाची वाटत नाही. दोन्ही पद्धती येणारा माणूसच पुढे विभागात टिकतो.

सीबीटी कर म्हणणाऱ्या मैत्रिणींशी भांडू नकोस. महाराष्ट्रात सीबीटीच्याच कुळातली विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके, आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांनी मराठीत आणून सामान्य घरांपर्यंत पोचवली, त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. तो कोर्स जरूर कर. भीतीचे झटके येणाऱ्या मुलासमोर बसून त्याच्याशी मृत्यूबद्दल चर्चा करणं हा निर्दयपणा ठरेल, आधी त्याला श्वास आणि विचार सावरायला मदत हवी. तीव्र नैराश्याच्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणं हे तुझं कर्तव्य आहे, मग तो 'जगण्यात अर्थ नाही' असं कितीही तात्त्विक भाषेत म्हणो. झोप, भूक, वजन विचार. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक समुपदेशन कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लाव.

पुरावा काय, असं विचारतील तर उत्तर तयार ठेव. अस्तित्ववादी उपचारांवरचे नियंत्रित अभ्यास कमी आहेत, हे मोकळेपणाने सांग. जे आहेत त्यांत अर्थशोधावर बेतलेल्या, नीट आखलेल्या पद्धतींचे निकाल चांगले आहेत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकलच्या विचारावर बेतलेली गटोपचार पद्धत बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी तयार केली आणि ती रीतसर चाचण्यांत तपासली. आपल्या भागात कॅन्सरचे रुग्ण कमी नाहीत. मराठीत, आपल्या माणसांसाठी, कीर्तन-हरिपाठात वाढलेल्या मनासाठी तशी पद्धत कशी घडवायची, हा एका आयुष्याला पुरेल इतका मोठा विषय आहे.

यालोमने १९८० च्या पुस्तकात चार मूळ प्रश्न मांडले: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण, निरर्थकता. ते पाठ करून इथल्या माणसांवर चिकटवू नकोस. आपल्याकडे मृत्यूला समाज सामोरा जातो. रक्षाविसर्जनाला अख्खी गल्ली येते, तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. माझ्याकडे माणसं आली ती त्यानंतर, पाहुणे गेल्यावर, तेव्हा विचारणारं कुणी उरत नाही. स्वातंत्र्याचंही तसंच. यालोमच्या खोलीतला माणूस निवडींच्या ओझ्याने दबलेला असतो. आपल्याकडची सून सगळ्या निवडी दुसऱ्यांनी केल्यानंतर उरलेल्या चिंचोळ्या जागेत आपलं काही शोधत असते. स्वयंपाकघरातली एक फळी, बचत गटाची मीटिंग, महिन्यातून एकदा अंबाबाईला एकटीने जाणं. यातलं स्वातंत्र्य ज्याला दिसत नाही त्याने यालोम वाचून उपयोग नाही.

तुला विषय हवा असेल तर मी एक सुचवते. कोल्हापुरातल्या अभ्यासिका. सकाळी सहाला जागा पकडायला येणारी, स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांच्या परीक्षेच्या ताणावर ढीगभर प्रबंध झालेत. मला विचारायचंय ते वेगळं: वयोमर्यादा संपत आल्याची जाणीव आतून कशी असते? शेवटचा प्रयत्न झाला, यादीत नाव नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सवयीने तिकडेच वळतात, तेव्हा काय होतं? गावी लग्न जमत नाही, शेतावर परत जायची लाज वाटते, आईला अजून 'पुढच्या वर्षी' असंच सांगितलेलं. वेळ, निवड, स्वतःबद्दलची गोष्ट मोडणं, या प्रवाहातले सगळे मोठे प्रश्न त्या टेबलाशी बसलेले आहेत आणि ती मुलं तुझ्याच वयाची, तुझ्याच बोलीची आहेत. तू विचारलंस तर ती सांगतील. अमेरिकेतला मोठा प्राध्यापक आला तर त्याला "बरंय की" एवढंच ऐकायला मिळेल.

आराखडा लिहायच्या आधी तिघांशी बोल. मार्गदर्शकांना आधी सांगून, मुलांची लेखी संमती घेऊन, आणि कुणी कोसळलं तर कुठे पाठवायचं ते ठरवून. तिन्ही मुलाखतींचं लेखन स्वतः कर. मग सेटच्या अभ्यासाला बस. पुढच्या प्रवेशापर्यंत तुझ्याकडे एक परीक्षा आणि तीन माणसांचे शब्द एवढी शिदोरी असेल, आणि मार्गदर्शकासमोर "मला मानवतावाद आवडतो" याच्याऐवजी तू एक मुलाखत टेबलावर ठेवून सांगू शकशील की यातला हा प्रश्न मला सोडत नाही.